टोकन बोर्डावर दोनाचे दोन दंड: शिफ्ट रजिस्टर पुन्हा पुन्हा का घसरतं

गिरगावातल्या एका दवाखान्यात मी बसवलेला तीन आकडी टोकन बोर्ड चार वेळा बिघडला आणि चारही वेळा मी तो नीट करून आलो. म्हणजे तसं मला वाटलं. पाचव्यांदा कंपाउंडर काकांचा फोन आला तेव्हा ते चिडलेले नव्हते, हसत होते. "अरे, तुझ्या बोर्डाने आज परत पोथी संपवली. दोन नंबरच्या पेशंटला दोन दंड ठोकलेत!"

फोटो मागवला. दोनाच्या आकड्याच्या जागी खरंच ॥ उभे होते आणि खाली कोपऱ्यात एक टिंब. आधीच्या वेळी मी असलं काही बघितलं की बोर्ड बंद करून चालू करायचो, आकडा नीट दिसायचा आणि मग मी एखादा भाग बदलून घरी यायचो. या वेळी बंद-चालू करू नका म्हटलं, तसाच राहू दे, आणि चर्नी रोडला उतरून चालत गेलो.

ज्यांच्या डिस्प्लेत ५९५ ची (हीच ती शिफ्ट रजिस्टर आयसी, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट आत घेऊन बाकीचे एक घर पुढे सरकवणारी) साखळी आहे आणि जो चार दिवस नीट चालून पाचव्या दिवशी भलतंच दाखवतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकरंगी पी१० पॅनेल (दुकानांवरच्या सरकत्या पाट्यांचे एलईडी पॅनेल) वापरणाऱ्यांनाही बरंच लागू पडेल, कारण बहुतेक पॅनेलच्या आत हीच आयसी बसलेली असते.

आधी मांडणी सांगतो. चार इंची लाल आकडे, प्रत्येक सेगमेंटमध्ये पाच एलईडी ओळीने, वरून १२ व्होल्ट. प्रत्येक आकड्याला एक ७४एचसी५९५ आणि त्याच्या पुढे यूएलएन२८०३, म्हणजे एलईडींचा प्रवाह झेलणारी ट्रान्झिस्टरांची आयसी. डॉक्टरांच्या टेबलावर ईएसपी३२ या कंट्रोलरचा छोटा बोर्ड आणि दोन बटणं, पुढचा नंबर आणि मागचा नंबर. तिथून बाहेरच्या बाकांसमोर टांगलेल्या बोर्डापर्यंत भिंतीवरून सात मीटर चार तारांची केबल: डेटा, क्लॉक, लॅच (आत भरलेले बिट आता आउटपुटवर दाखव असं सांगणारी तार) आणि ग्राउंड. टेबलावरचा बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर, बाहेरचा स्वतःच्या १२ व्होल्टच्या एसएमपीएसवर (मेन्सवर चालणारा पॉवर सप्लाय), त्यातून ७८०५ या रेग्युलेटरने पाच व्होल्ट. माझ्या घरच्या टेबलावर हे सगळं तीन दिवस अखंड चाललं होतं. घरच्या टेबलावर केबल अर्धा मीटर होती, हे सांगायला हवं.

आता ते दोन दंड. ही खूण मला पहिल्याच वेळी वाचता आली असती तर बाकीच्या चार खेपा वाचल्या असत्या. सेगमेंटची नावं अशी: वरची आडवी रेघ ए, तिथून घड्याळाच्या दिशेने फिरत बी ते एफ, मधली आडवी जी. इंग्रजी धाटणीचा दोन काढायला ए, बी, डी, ई आणि जी हे सेगमेंट लागतात. प्रत्येक बिट एक घर पुढे सरकला तर ए चा बी होतो, बी चा सी, डी चा ई, ई चा एफ आणि जी चा टिंब. बी-सी म्हणजे उजवीकडची उभी रेघ, ई-एफ म्हणजे डावीकडची. झाले दोन दंड आणि टिंब. म्हणजे तारेवर काही तुटलेलं नाही, आयसी जळलेली नाही, एलईडीही ठीक. रजिस्टरने क्लॉकचा एक ठोका जास्त मोजला आहे, एवढंच. शून्याचं अशा वेळी झाकण उडालेला आठ होतो, साताची वरची आडवी रेघ जाते आणि तळाला येते. एक ठोका कमी मोजला गेला तर सगळं उलट दिशेने सरकतं. पहिला आकडा ठीक आणि दुसऱ्यापासून पुढचे सरकलेले असतील तर गडबड पहिल्या आणि दुसऱ्या आयसीच्या मध्ये आहे. आकार ओळखीचा पण एखादी रेघ फिकी असेल तर तो पॉवरचा किंवा सोल्डरचा मामला, रजिस्टरचा नाही. सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधी कागदावर सात सेगमेंट काढा आणि चुकीचा आकार एक घर मागे-पुढे सरकवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मी तसं केलं नव्हतं. पहिल्या खेपेला तिन्ही ५९५ बदलल्या आणि मनात लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून शिव्या घातल्या. त्याचा काही दोष नव्हता, जुन्या आयसी आजही माझ्या दुसऱ्या बोर्डात चालू आहेत. दुसऱ्या खेपेला एसएमपीएस बदलला. तिसऱ्या खेपेला जे सगळे करतात तेच केलं: क्लॉक हळू केला. एक मेगाहर्ट्‌झवरून थेट दहा किलोहर्ट्‌झवर आणला. आणि बोर्ड सुधारला! दहा-बारा दिवस एक तक्रार नाही. मी मित्रांना सांगत सुटलो की लांब केबलवर क्लॉक हळू ठेवा, बाकी काही करू नका.

ते दिवस गणपतीचे होते. दवाखान्याच्या खाली, त्याच इमारतीत तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे आणि गिरणीवाले काका गणपतीला कणकवलीला गेले होते. गिरणी बंद होती. हे मला पाचव्या खेपेला कळलं, बाकावर पेशंटांमध्ये बसलो असताना. खालून स्टार्टरचा खटका ऐकू आला, मोटर घरघरली आणि माझ्या डोळ्यांसमोर सतराचा अठरा न होता काहीतरी मोडी लिपीतलं अक्षर झाला. कोणी बटण दाबलेलं नव्हतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "हे रोजचंच आहे, दळण सुरू झालं की नंबर जातो." म्हणजे पेशंटांना निदान आधीच झालं होतं.

क्लॉक हळू करून उपयोग का नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ९० टक्के सल्ले तिथेच संपतात. ५९५ ला वेळ कळत नाही. तिला फक्त कडा कळते, म्हणजे क्लॉकच्या तारेवरचा व्होल्टेज खालून वर गेला की एक घर सरक. ती कडा सेकंदाला एकदा आली काय आणि लाखदा आली काय, प्रत्येक कडेच्या वेळी तार तेवढीच गचाळ असते. पाच व्होल्टवर ही आयसी दहा-वीस नॅनोसेकंदांत प्रतिसाद देते. तेवढ्या वेळात तारेवर खाली-वर-खाली असा एक हिसका बसला तरी तो तिच्या हिशेबात पूर्ण ठोका. दहा किलोहर्ट्‌झवर दोन कडांमधला वेळ वाढतो, कडा स्वच्छ होत नाही.

मग बटण न दाबता आकडा कसा बदलला? ५९५ मध्ये दोन थर असतात. सरकणारं रजिस्टर आत आणि त्याच्यापुढे लॅच. नुसत्या क्लॉकवर हिसका बसला तर आतलं सरकतं पण डोळ्याला दिसत नाही, आणि पुढच्या वेळी सगळे २४ बिट नव्याने भरले की ती चूक धुऊन जाते. आकडा आपोआप बदलायचा तर लॅचच्या तारेवरही कडा यायला हवी. आणि ती येत होती, कारण हिसका एका तारेवर नव्हताच, ग्राउंडवर होता. चार्जर आणि एसएमपीएस दोघांच्याही पोटात मेन्सकडून आउटपुटकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. खाली मोटरचा कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोठा स्विच) ठिणगी टाकत चिकटतो, तो झटका वीजवाहिनीतून या कपॅसिटरमधून दोन्ही बाजूंना शिरतो, आणि दोन बाजूंना जोडणारी एकुलती एक गोष्ट म्हणजे माझ्या केबलमधली ती सात मीटरची बारीक ग्राउंडची तार. तिच्या दोन टोकांत क्षणभर काही व्होल्टचा फरक पडला की बाहेरच्या बोर्डाला तिन्ही तारा एकदम उसळल्यासारख्या दिसतात. कॉन्टॅक्टर चिकटताना एकदा नाही, बऱ्याचदा उसळतो, म्हणून कडांची माळच येते. कधी एक घर सरकतं, कधी तीन.

स्कोप (तारेवरचा व्होल्टेज पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र) लावून बघणार असाल तर प्रोबची ती लांब काळी मगरक्लिप वापरू नका. तिचा स्वतःचाच वेढा एवढा मोठा होतो की स्वच्छ कडाही झणझणताना दिसते. प्रोबच्या टोकाजवळची छोटी स्प्रिंग असते ना, पाकिटात तशीच पडून राहते ती, ती लावा. मी तसं करून आयसीच्या ११ नंबर पिनवर बघितलं तेव्हा गिरणीशिवायची गोष्टही दिसली: क्लॉक वर चढताना मध्यावर एक पायरी, आणि पायरीवर किंचित खाली वाकून पुन्हा वर. केबलच्या टोकाला आपटून परत आलेला सिग्नल. केबलमधून सिग्नल एक मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद घेतो, म्हणजे सात मीटर जाऊन परत यायला ७० नॅनोसेकंद. ईएसपी३२ ची कडा त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्यामुळे परतलेला धक्का कडेच्या मागोमाग येऊन तिलाच भिडतो.

अशा चुका मोजायची एक सोपी पद्धत आहे आणि स्कोप नसेल तर हीच करा. शेवटच्या ५९५ ची ९ नंबर पिन, जिथून डेटा बाहेर पडतो, ती एका मोकळ्या तारेने कंट्रोलरच्या इनपुटला परत आणा. पाच व्होल्टची आयसी आणि ३.३ व्होल्टचा कंट्रोलर असेल तर मध्ये दोन रेझिस्टरांचा विभाजक टाका. मग २४ बिट भरायचे, पुढचे २४ भरताना मागचे बाहेर पडतात ते वाचायचे आणि जुळवायचे. जुळलं नाही की एक मोजणी वाढवायची. ही तपासणी मी सेकंदाला एकदा लावून ठेवली. घरी रात्रभर शून्य. दवाखान्यात दुपारपर्यंत मोजणी वाढलेली, आणि वाढ गिरणीच्या वेळांना चिकटलेली. परतीची तारही तेवढीच लांब असल्याने काही चुका तिच्याच असणार, पण घर आणि दवाखाना यांतला फरक कळायला एवढं पुरतं.

चौथी खेप मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती माझ्या शहाणपणाची आहे. वीज वाचवायची म्हणून मी ५९५ आणि यूएलएन२८०३ ही जोडी काढून टीपीआयसी६बी५९५ बसवली. कल्पना चांगलीच आहे. यूएलएन२८०३ च्या प्रत्येक इनपुटला आत २.७ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे पेटलेल्या प्रत्येक सेगमेंटमागे पाच व्होल्टच्या लाइनवरून सुमारे १.३ मिलिअँपिअर नुसता ट्रान्झिस्टर उघडा ठेवायला जातो. शिवाय तो डार्लिंग्टन (एकापुढे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) असल्याने स्वतःवर पाऊण-एक व्होल्ट खातो. १२ व्होल्टमधून पाच लाल एलईडींचे दहा गेले, एक यूएलएनने खाल्ला, रेझिस्टरला उरला जेमतेम एक. मग सप्लाय थोडा ढळला की उजेड लगेच हलतो. टीपीआयसी६बी५९५ मध्ये मॉसफेट (व्होल्टेजवर उघडणारे ट्रान्झिस्टर) असतात, गेटला स्थिर प्रवाह लागत नाही, आणि उघड्या मॉसफेटचा रोध साधारण पाच ओहम, म्हणजे २० मिलिअँपिअरला फक्त ०.१ व्होल्ट. रजिस्टर, लॅच आणि ड्रायव्हर एकाच आयसीत.

बोर्ड लावला आणि दुसऱ्याच दिवशी फोन. आता गिरणीची वाट बघायचीही गरज नव्हती, दर चार-पाच बटणांमागे एकदा आकडा चुकत होता. डेटाशीटचं दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. ७४एचसी५९५ ला पाच व्होल्टवर 'वर' समजायला सुमारे ३.५ व्होल्ट लागतात, ईएसपी३२ देतो ३.३. कागदावर हेही चूकच, पण प्रत्यक्षात तिचा उंबरठा अडीचच्या आसपास असतो म्हणून चालून जातं. टीपीआयसी६बी५९५ मागते सप्लायच्या ८५ टक्के, म्हणजे ४.२५ व्होल्ट. ३.३ व्होल्टचा कंट्रोलर थेट जोडणं म्हणजे नशिबावर टोकन वाटणं. तुमच्याकडे ही आयसी आणि ईएसपीचा कुठलाही बोर्ड असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी मध्ये पाच व्होल्टवरची ७४एचसीटी२४५ किंवा ७४एएचसीटी१२५ टाका. एचसीटी दोन व्होल्टलाच 'वर' मानते आणि पुढे पूर्ण पाच देते. एचसी आणि एचसीटी दुकानात एकाच डब्यात असतात, छापलेला टी बघून घ्या.

एका मित्राने ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडाने पलीकडे पोचवणारी आयसी) सुचवला होता, दोन्ही ग्राउंड सुटे होतील म्हणून. तर्क बरोबर. मी त्यातला पीसी८१७ लावून बघितलं आणि घरच्या टेबलावरच दोन दंड दिसले. पीसी८१७ च्या आउटपुटची कडा सावकाश चढते, मायक्रोसेकंदांत. एचसी आयसीला ४.५ व्होल्टवर इनपुटची कडा ५०० नॅनोसेकंदांच्या आत हवी असते. त्याहून रेंगाळली तर उंबरठ्यापाशी एकच चढण दोन-तीनदा मोजली जाते. ऑप्टो वापरायचाच तर त्याच्यापुढे श्मिट ट्रिगर (चढण्याचा आणि उतरण्याचा उंबरठा वेगवेगळा ठेवणारं गेट) हवाच.

आता काय करायचं ते. मला पटलेला खरा उपाय असा की क्लॉक, डेटा, लॅच या तीन तारा डब्याच्या बाहेरच जाऊ द्यायच्या नाहीत. मी बाहेरच्या बोर्डात पाच व्होल्टवरचा एक एटीमेगा३२८ हा छोटा कंट्रोलर बसवला, रजिस्टरांपासून बोटभर अंतरावर. टेबल ते बोर्ड हे सात मीटर आरएस-४८५ वर, नेटवर्क केबलची एक पिळलेली जोडी आणि सोबत एक ग्राउंड. त्यासाठीच्या आयसी म्हणजे टेबलाकडे ३.३ व्होल्टवरची मॅक्स३४८५, बोर्डाकडे मॅक्स४८५. ९६०० च्या वेगाने तीन आकडे आणि शेवटी एक बेरीज जाते. बेरीज जुळली नाही तर निरोप सोडून द्यायचा. टेबलाकडून तोच निरोप दर सेकंदाला परत येतो, त्यामुळे एखादा गेला तरी पेशंटला कळतही नाही. आरएस-४८५ दोन तारांतला फरक बघते, दोन्ही एकदम उसळल्या तर तिला फरक पडत नाही, आणि गिरणी नेमकं तेच करते.

लांबी तीच, परत येणारे धक्केही तेच. पण ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि रिसीव्हर त्याच्या पोटात मधोमध डोकावून बघतो. कडेपाशी ७० नॅनोसेकंद काय गोंधळ झाला हे त्याला दिसतच नाही. इथे वेग कमी केल्याचा खरा फायदा मिळतो. म्हणूनच एवढ्याशा अंतराला दोन टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टरही मी काढून टाकले. पुस्तकात ते असतात, पण बोलताना ते पंचवीस-तीस मिलिअँपिअर फुकट पितात.

भिंत फोडून केबल बदलणं शक्य नसेल आणि बोर्ड उघडायला मिळत असेल तर मधला मार्ग: बाहेरच्या बोर्डात केबल शिरते तिथे प्रत्येक तारेला एक किलोओहम आणि एक नॅनोफॅरॅड, त्याच्यापुढे ७४एचसीटी१४ या श्मिट ट्रिगर आयसीची दोन गेट एकापुढे एक. एक गेट सिग्नल उलटा करतं, दुसरं सरळ. तीन तारा, दोन-दोन गेट, आणि त्या आयसीत गेट असतात सहाच. एक मायक्रोसेकंदाहून बारीक हिसके तिथेच मरतात. हे लावलंत तर मात्र क्लॉक हळू करा, ५० किलोहर्ट्‌झच्या वर नको. शिवाय कंट्रोलरच्या टोकाला प्रत्येक तारेत १०० ओहम. हे सगळं करूनही ग्राउंडची उडी मोठी असेल तर पुरणार नाही, तेव्हा सेकंदाला एकदा सगळे बिट परत भरत राहा. चूक होईल पण सेकंदभरच टिकेल. काही जण एवढंच करतात आणि सुटले म्हणतात. मला ते पटत नाही, पण रविवारी संध्याकाळी फोन आला तर मीही आधी तेच करेन.

छोट्या गोष्टी भराभर. प्रत्येक आयसीच्या १६ आणि ८ नंबर पिनला चिकटून १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, बोर्डावर कुठेतरी एक नव्हे. १० नंबरची क्लिअर पिन मोकळी सोडू नका, पाच व्होल्टला बांधा. मोकळी असली की बोट जवळ नेलं तरी आत भरलेले बिट पुसले जातात, आणि मोकळं सीमॉस इनपुट विनाकारण प्रवाहही ओढतं. चालू करताना क्षणभर ८८८ किंवा काहीही दिसत असेल तर १३ नंबरची ओई (आउटपुट चालू-बंद करणारी) पिन १० किलोओहमने वर बांधा, म्हणजे कंट्रोलर जागा होईपर्यंत आउटपुट बंद. क्लिअर दाबून ते जाणार नाही, कारण क्लिअर आतलं रजिस्टर पुसते, लॅच नाही. लॅचला एक ठोका द्यावा लागतो. यूएलएन न लावता ५९५ वरच एलईडी चालवत असाल तर पूर्ण आयसीची मर्यादा ७० मिलिअँपिअर आहे. आठ आउटपुटना प्रत्येकी २० म्हणजे १६०. ती चालेलही, पण ग्राउंड पिनवर एवढा प्रवाह उसळला की ती स्वतःलाच हिसके देते. आणि एफआरसी (चपट्या रिबन केबलचे) कनेक्टर. गिरगावात पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडतं, तिथे कथिलाच्या पिनांचं काय होत असेल. जून उजाडायच्या आधी काढून आयसोप्रोपिलने पुसून परत दाबतो मी. रिबनमध्ये एक आड एक तार ग्राउंडची ठेवली तर निम्मं दुखणं तिथेच कमी होतं.

आता बॅटरीचा विषय, कारण हाच सर्किट मी नंतर लालबागच्या पोरांच्या कबड्डीच्या गुणफलकाला वापरला. सहा आकडे, १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची लेड अ‍ॅसिड बॅटरी, स्कूटीवरून न्यायची. शून्य ते नऊ आकड्यांना मिळून ४९ सेगमेंट लागतात, म्हणजे सरासरी एका आकड्याला पाचाला थोडे कमी. सहा आकड्यांना साधारण २९ सेगमेंट, प्रत्येकी २० मिलिअँपिअर, झाले सुमारे ५८० मिलिअँपिअर. रजिस्टर स्वतः काय खातात? बिट भरत नसाल तेव्हा मायक्रोअँपिअरमध्ये. बिट भरताना खर्च वाढतो तो सर्किटची कपॅसिटन्स, व्होल्टेजचा वर्ग आणि वेग यांच्या गुणाकाराने, पण सेकंदाला एकदा ४८ बिट म्हणजे त्याचा हिशेब मांडायचीही गरज नाही. वाचवायचं ते एलईडीत आणि त्यांच्या आसपास. यूएलएन काढल्याने पाच व्होल्टवरचे जवळजवळ ४० मिलिअँपिअर वाचले, आणि ७८०५ मुळे ते बॅटरीतून १२ व्होल्टवरच जात होते, म्हणजे अर्धा वॉट एकही एलईडी न लावता.

मोठी बचत ओई पिनवर. ती वेगाने बंद-चालू करून उजेड कमी करायचा. संध्याकाळी दिवे लागल्यावर ४० टक्के ठेवला तरी शेवटच्या रांगेतून गुण वाचता येतात, आणि एलईडीचा प्रवाह २३० च्या आसपास येतो.

आणि इथेच दोन दंड परत आले. गिरणी नाही, लांब केबल नाही, सगळं एका डब्यात. सेकंदाला ५०० वेळा अर्धा अँपिअर एकदम चालू, एकदम बंद, आणि तो परत जाताना लॉजिकच्याच ग्राउंड ट्रॅकवरून जात होता. प्रत्येक वेळी ट्रॅकवर एक हिसका, आणि तो क्लॉकच्या कडेशी गाठ पडला की एक घर पुढे. एलईडीच्या ग्राउंडची जाड तार वेगळी काढून बॅटरीच्या टर्मिनलवर थेट नेली आणि डब्यात १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाकला. बरंच थांबलं. उरलेलं कोडमध्ये थांबलं: डेटा फक्त अंधारात भरायचा. ४० टक्के उजेड म्हणजे दर दोन मिलिसेकंदांतले १.२ मिलिसेकंद आकडे विझलेले असतात. २५० किलोहर्ट्‌झवर ४८ बिट भरायला २०० मायक्रोसेकंदही लागत नाहीत. ओई वर गेली की थोडं थांबा, भरा, लॅच द्या, मग ओई खाली. एलईडी जेव्हा उसळतात तेव्हा क्लॉक गप्प असतो.

तरीही त्या फलकाचा डावीकडून दुसरा आकडा आणि त्यापुढचे कायमच एक घर सरकलेले यायचे. प्रत्येक वेळी, अगदी नेमाने. हा वेगळा आजार. आकडे फूटभर अंतरावर, प्रत्येकाचा बोर्ड सुटा, क्लॉकची तार पहिल्याकडून दुसऱ्याकडे फिरत फिरत गेलेली. पहिली आयसी क्लॉक येताच आपला शेवटचा बिट बदलून मोकळी होते, दुसरीला तोच ठोका उशिरा पोचतो, तोवर तिच्या दारात पुढचा बिट येऊन उभा. ती तोच उचलते. उपाय एका तारेचा आहे: क्लॉक उलट्या बाजूने द्या. डेटा पहिल्या आकड्यापासून शिरतो, क्लॉक शेवटच्या आकड्यापासून. मग बिट उचलणाऱ्याला ठोका आधी कळतो आणि देणाऱ्याला नंतर. नवीन बोर्ड बनवत असाल तर टीपीआयसी६बी५९६ घ्या, ती बाहेर जाणारा बिट क्लॉकच्या उतरत्या कडेला बदलते, त्यामुळे अर्धा ठोका हातात राहतो. बाकी पिना त्याच.

परवा दवाखान्यात गेलो होतो, माझ्या खोकल्यासाठी. नंबर सत्तावीस. खाली दळण चालू होतं. परत येताना बोर्डाचं झाकण उघडून चुकलेल्या निरोपांची मोजणी बघितली, ती वाढलेली होती, पण भिंतीवर दोनाचा दोनच होता. कंपाउंडर काकांनी मात्र आता मागणी केली आहे की नंबर बदलला की टिंग वाजायला हवं. बझर त्याच पाच व्होल्टवर लावायचा का, हे अजून ठरवलेलं नाही.